टोपी, पादत्राणे आणि विनय

नातू घरात शिरताच टोपी काढतो; आजोबा मात्र देवदर्शनास निघताना ती आवर्जून घालतात. मग खरा विनय कोणाचा?

योद्ध्याने शिरस्त्राण उतरविणे म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकणे, असे युरोपातील प्रथेचे मूळ सांगितले जाते. ख्रिस्ती पुरुषाने प्रार्थनेत मस्तक उघडे ठेवण्याचा दंडकही जुनाच. आपल्याकडे क्रम उलटा होता. बोडके डोके शोकाचे चिन्ह. पागोटे मस्तकी ठेवून जोडे उंबऱ्याबाहेर काढणे ही सभ्यता. अचलपूरहून मुक्तागिरीस जाणारा यात्रेकरू तेथील ५२ जिनमंदिरांत अनवाणीच शिरतो.

श्वेतांबर आगमांतील औपपातिक सूत्रात या दोन्ही रीती एकत्र येतात. चंपानगरीचा राजा कूणिक भगवान महावीरांच्या दर्शनास येतो, तेव्हा दुरूनच हत्तीवरून उतरतो आणि खड्ग, छत्र, मुकुट, पादत्राणे व चामर ही पाचही राजचिन्हे बाजूस ठेवतो. मुकुट मस्तकाचा, पादत्राणे पायांची. दोहोंबरोबर उतरावयाचा तो मान-कषाय.

म्हणून टोपीवरून घरात वाद नको. ज्या स्थळी जावे तेथील रीत पाळावी, आणि उंबऱ्याशी अहंकार उतरला की नाही, हे नातवाने व आजोबांनी आपापल्या मनास विचारावे.