हे एकदा ऐकून बघ

कवठे महांकाळची माणसं मिरजेला जातात ती दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, लांबची रेल्वे पकडायला आणि ख्वाजा शमना मीरांच्या उरुसाला. दर्ग्यात फातिहा पढली, चादर चढवली, की पोरंबाळं मिठाईच्या दुकानांकडे ओढतात. त्याच आवारात आणखी एक कबर आहे. तिच्यापाशी थांबणारे थोडे. ती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. आमच्या भागातल्या विशीतल्या मुलांना हे नाव विचारलं तर बहुतेक जण मान हलवतात, आणि त्यांचा आवाज ऐकलेला मुलगा तर शोधावा लागतो. वाट पस्तीस-चाळीस किलोमीटरची आणि आवाज खिशातल्या फोनमध्ये फुकट. तरी ऐकलेला नाही, कारण 'हे एकदा ऐकून बघ' असं त्याला कुणी म्हटलेलंच नाही.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

खाँसाहेब मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे, जन्म १८७२ चा. किराणा घराणं हे नाव त्या गावावरून पडलं. फिरत फिरत ते दक्षिणेकडे आले. मिरजेत प्लेगने आजारी पडले, दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, अशी हकिगत आजही सांगितली जाते. ती खरी मानायची की श्रद्धेची, हे ज्याचं त्याने ठरवावं. ते मिरजेचे झाले एवढं मात्र पक्कं. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं, आणि हिराबाईंचा जन्म मिरजेतला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासकडच्या दौऱ्यात, पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमल कोईल या छोट्या स्टेशनावर त्यांचं निधन झालं. तिथून त्यांना मिरजेला आणून दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत गाण्याची सभा होते आणि भलेभले कलावंत तिथे हजेरी म्हणून गातात.

पण मैफल ऐकायला मिळणारे किती? शंभर, फार तर पाचशे. खाँसाहेब हजारो घरांत गेले ते तबकडीवरून. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांच्या काही तबकड्या निघाल्या, पण आज ज्या ऐकल्या जातात त्या बहुतेक १९३० च्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. लाखेची ती काळी तबकडी हातातून पडली की तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तेवढ्यात सगळं बसवायचं. काही उस्तादांना हा प्रकार अपमानाचा वाटे. खाँसाहेबांनी मात्र त्या तीन मिनिटांत झिंझोटीतली ठुमरी गायली, भैरवीतली गायली, कर्नाटकी संगीतातल्या रागांना हात घातला, आणि आपल्याला विशेष वाटावं असं म्हणजे 'मानापमान' नाटकातलं मराठी पदही गायलं. कैरान्याचा उस्ताद, मिरजेचं घर, मराठी नाट्यपद. 'आपलं' आणि 'त्यांचं' अशी वाटणी करत बसणाऱ्यांनी ते पद जरूर ऐकावं. उच्चार थोडे परके वाटतात, सूर अजिबात परका वाटत नाही.

या तबकड्यांनी काय केलं, याचा सगळ्यात मोठा दाखला गदगचा. शाळकरी वयाचा एक मुलगा रस्त्यावरच्या दुकानात वाजणारी रेकॉर्ड ऐकत उभा राहायचा. त्यात खाँसाहेबांची ती झिंझोटी होती. आपल्याला असं गाता आलं पाहिजे हे डोक्यात बसलं आणि अकरा वर्षांचं ते पोर १९३३ साली गुरू शोधायला घर सोडून पळालं. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर अशी वणवण करून शेवटी ते घराजवळच कुंदगोळला पोहोचलं, सवाई गंधर्वांकडे. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य. म्हणजे ज्या आवाजामागे मुलगा धावत सुटला, त्याच्याच दारात तो आला. हे भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं. त्या दुकानदाराचं नाव इतिहासात नाही. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने रेकॉर्ड लावली असेल. ऐकणारा कोण उभा आहे हे लावणाऱ्याला ठाऊक नसतं.

उलटा दाखला कोल्हापूरचा. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते सर्वात मोठे नाव. १९४६ साली ते गेले. त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्याबद्दल आपण फक्त वाचायचं, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या गळ्यातून त्यांचा अंदाज बांधायचा. मिरज आणि कोल्हापूर जवळजवळची गावं, दोन्हीकडे तोलामोलाचे उस्ताद, पण एकाला आपण घरी बोलावू शकतो आणि दुसऱ्याला नाही.

केसरबाईंची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात पाठवली, त्यांत पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. भारतातलं काय घ्यावं, याचा सल्ला रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने दिला: केसरबाईंची भैरवी. रेकॉर्ड मिळेना. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात शोधाशोध केल्यावर ती सापडली. अल्लादिया खाँच्या तालमीतला सूर ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला, तो एका जाणकाराने दुसऱ्याला 'हे घ्या' म्हटल्यामुळे.

आता आपल्या घरांकडे येऊ. आमच्याकडे घरात दखनी आणि बाहेर मराठी, आणि ऐकणंही तसंच दुपेडी. उस्तादांच्या रेकॉर्डी थोड्यांकडे. बाकीच्यांचा जीव कव्वालीवर. 'अल हिलाल' या १९५८ च्या सिनेमातली इस्माईल आझाद यांची कव्वाली ज्यांनी तरुणपणी ऐकली, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पुढे अझीझ नाझाँ आले, शकीला बानो भोपाली आल्या. शकीला बानोंचा मुकाबला आमच्या आज्या-खाला ज्या आवडीने ऐकत, तो विषय निघाला की अजून त्यांचे डोळे चमकतात. बाई माणूस भर मंचावर पुरुष कव्वालाला सवालजवाबात गप्प करते, याचं त्यांना काय वाटत असेल, हे कुणी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग कॅसेट आली आणि ऐकणं स्वस्त झालं. आखातात गेलेल्या नातेवाइकाने आणलेला टू-इन-वन ज्याच्या घरी, तिथे संध्याकाळी बैठक. बाजारात 'कॅसेट भरून देणारा' दुकानदार असे. आपण कागदावर यादी करून द्यायची, साठ मिनिटांच्या कॅसेटवर तो गाणी भरून द्यायचा. ती यादी करणं हेच मोठं काम होतं. कुणाच्या मामेभावाने मुंबईत काय ऐकलं, ट्रकवाल्या चाचाने हैदराबादहून काय आणलं, हे विचारून विचारून यादी व्हायची. कॅसेट उसनी दिली जायची आणि परत मागताना पहिला प्रश्न असायचा, "कैसा लग्या?" नुसतं "अच्छा हय" म्हटलेलं चालत नसे. कुठलं अच्छा, ते सांगावं लागे. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, आणि ती कुणाच्या हातून गुंतली यावरून भांडण. भांडणं आवडीवरूनही होत. कव्वालीत शायरी मोठी की टाळी, आणि गाण्याचा शौक असलेल्यांत अब्दुल करीम की बडोद्याचे फैयाज खाँ. एकाचा आवाज बारीक, नाजूक, सुराला बिलगून राहणारा. दुसऱ्याचा भरदार, मर्दानी, लयीशी खेळणारा. माझं मत करीम खाँच्या बाजूचं आहे, पण फैयाज खाँवाले जे बोलत त्यामुळेच दोघांतला फरक कानाला कळला.

संगीत ऐकावं की नाही, याबद्दल आपल्या घरांत एकमत नाही आणि या लेखाने ते व्हायचंही नाही. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी. इमाम गझालींनी 'इह्या' या ग्रंथात समाअवर, म्हणजे ऐकण्याच्या अदबीवर, स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्यात हजरत जुनैद बगदादींच्या हवाल्याने ऐकण्यासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेळ, जागा आणि सोबती. काय ऐकता यासोबत कुणाबरोबर ऐकता, हेही त्यांनी मोजलं. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या चर्चेत कानात घालायच्या इयरफोनचा विचार कुठून असणार.

सध्या तेच चाललं आहे. घरात पाच माणसं, पाच फोन, पाच वेगळी गाणी. पुढचं गाणं कुठलं लावायचं ते फोनच सुचवतो, आणि सुचवतो तेच, जे आपण आधी ऐकलं आहे त्याच्यासारखं. नव्वद गाणी नाचाची ऐकलेल्या पोराला तो एक्याण्णवावं नाचाचंच देतो. झिंझोटी कशाला देईल? शिवाय फोन "कैसा लग्या?" म्हणून विचारत नाही. तरुणांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा कान आमच्यापेक्षा वाईट नाही. त्यांच्या हातात काही ठेवणारं माणूस मधून निघून गेलं आहे.

जिथे असं माणूस टिकलं, तिथे गोष्टी टिकल्या. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या शौकिनांनी ती चालवली. मंडळी आपापल्या तबकड्या घेऊन जमतात, लावतात, तिच्याबद्दल बोलतात. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डींचे ढीग घेऊन बसलेले दुकानदारही याच साखळीतले. त्यातल्या कित्येकांना तबकडीच्या लेबलाचा रंग पाहून तिचं साल सांगता येतं. शाळा थोडी, इल्म मोठा.

आपल्या भागात तर साखळी आणखी जवळची. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावण्याचं काम सोडून या धंद्यात आली. त्यांच्या भोपळ्यांची शेती पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, आणि तिकडून मिरजेची वाट आमच्या कवठे महांकाळवरून जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य आपल्या माणसांच्या हातचं, त्याच्या साथीने गाणारा उस्ताद आपल्या दर्ग्यात, आणि हे गाणं 'आपलं नाही' असं आपल्याच मुलांना वाटतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: आधी भैरवीतली ठुमरी घ्या, झिंझोटी नंतर. दोन्ही तीन-तीन मिनिटांच्या आहेत. इशाची नमाज झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, टीव्ही बंद करून लावा. इयरफोन नको, फोन एखाद्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा, आवाज मोठा होतो. सुरुवातीला खरखर ऐकू येईल, ती तबकडीची आहे. दहा सेकंदांत कान तिला विसरतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. ठुमरी संपली की लगेच दुसरं काही लावू नका. आजीला आधी विचारा, कैसा लग्या? मग तिच्या वेळी घरात काय वाजायचं, तेही विचारा, आणि ती जे नाव सांगेल ते शोधून तिच्यासमोर लावा.