गच्चीवरची वीज आणि गल्लीतला डीपी

दुपारचे बारा वाजले की गच्चीवरचे सौर पॅनेल भरात येतात. घरात मात्र तेव्हा फ्रिज आणि एखादा पंखाच सुरू असतो. उरलेली वीज नेट मीटरमधून गल्लीतल्या तारांवर जाते आणि शेजारी वापरली जाते. दोन-चार घरांपुरते हे सोपे आहे. एकाच डीपीवरची, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रावरची, बहुतेक घरे वीज बाहेर पाठवू लागली, की अडचण सुरू होते.

उपकेंद्राकडून रोहित्राकडे आणि तिथून घराकडे, अशा एकाच दिशेच्या प्रवाहाचा हिशेब धरून आपले वितरणजाळे उभे राहिले. वीज उलटी वाहू लागली की तारेच्या टोकाला व्होल्टेज चढते. 230 व्होल्टच्या आसपास राहायला हवे ते मर्यादेपलीकडे गेले, की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. ऐन उन्हात तयार होऊ शकणारी वीज हातची जाते.

यावर उपाय आहेत: मोठे रोहित्र, जाड तारा, व्होल्टेज सावरणारे इन्व्हर्टर, बॅटरी. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वीज तयार होते तिथेच आणि तेव्हाच वापरणे. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हेच सूत्र आहे. प्रकल्प उपकेंद्राजवळ, पंप दिवसा.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट 1 कोटी घरांचे आहे. तेवढी वीज सामावून घ्यायची तर पॅनेलबरोबरच डीपी आणि तारांवरही खर्च व्हायला हवा. आपणही पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारीच लावावे.