मुंबईची बैठक आणि गावाची ग्रामसभा

लालबाग-परळच्या चाळींतील कित्येक खोल्या एका कुटुंबाच्या नसून सबंध गावाच्या असत. कोकणातून व घाटावरून गिरणीत कामास आलेली माणसे तेथे भाड्याचा वाटा देऊन राहात. एका पाळीचा माणूस कामावर निघाला की त्याच जागी दुसऱ्याची पथारी पडे. सुटीच्या दिवशी तेथेच गावकीची बैठक भरे. वर्गणी जमा होई, हिशेब वाचला जाई आणि देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पालखीचा खर्च यांविषयी निर्णय होत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या व माणसे उपनगरांत पांगली. तरीही अनेक मंडळांनी बैठकीची प्रथा सोडलेली नाही.

या वर्गणीतून गावाची पुष्कळ कामे झाली आहेत. परंतु एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. समजा, मंडळाने वेशीवर कमान बांधण्याचे ठरविले आणि वैशाखात गावच्या विहिरीने तळ गाठला आहे. कमान सणाला येणाऱ्या चाकरमान्याच्या नजरेत भरते; हंडा मात्र रोज डोक्यावर चढतो. तो वाहणारी स्त्री मुंबईच्या बैठकीत नसते.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिला जागा दिली आहे ती ग्रामसभेत. पंचायतीच्या मतदारयादीतील सर्व स्त्री-पुरुष ग्रामसभेचे सभासद होत. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीसाठी लागते. प्रत्येक नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. एका व्यक्तीचे नाव दोन मतदारयाद्यांत असू शकत नाही. म्हणून ज्याचे नाव मुंबईच्या यादीत, त्याला गावच्या सभेत मत नाही.

ग्रामसभेने मनावर घेतले तर काय साधते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखविले आहे. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घातले. पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावे, हे तेथे ठरते.

मुंबईची बैठक मोडावी, असा याचा अर्थ नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोहोंची सांगड घालावी. मंडळाने वर्गणीचा आकडा व आपली सूचना लेखी पाठवावी. ती विषयपत्रिकेवर घ्यावी. प्रथम स्त्रियांच्या सभेत व नंतर ग्रामसभेत तिचा विचार व्हावा. झालेला ठराव मंडळास कळवावा. 1 मे ही ग्रामसभेची रूढ तारीख आहे. त्या सुमारास चाकरमानी सुटीवर गावी आलेले असतात आणि विहिरीचा तळही दिसत असतो. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बोलण्यास याहून योग्य वेळ नाही. पैसा मुंबईहून यावा. निर्णय मात्र ज्यांना त्या विहिरीचे पाणी प्यावयाचे आहे त्यांनी करावा.