सड्यावरचे मोजले, काळ्या रानातले राहिले

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारतानं 1987 मध्ये बंद केली. त्याच वर्षी कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्डेच्या डोंगरात सोनेरी भेक शेवटचे मोठ्या संख्येनं दिसले, दीड हजारांच्या आसपास. 1989 मध्ये एकच नर दिसला आणि पुढं एकही नाही. 1989 मध्येच इंग्लंडमध्ये कँटरबरीला सरीसृप आणि उभयचरांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. आपापल्या ओढ्यातळ्यांवरचे बेडूक कमी होताहेत, असं वेगवेगळ्या देशांचे लोक तिथं एकमेकांना सांगू लागले.

आपल्याकडची काळजी वेगळी होती. 1981 मध्ये भारतातून चार हजार टनांहून जास्त तंगड्या परदेशी गेल्या. त्यात मुख्य भरणा शेतातल्या मोठ्या बेडकाचा, म्हणजे बुलफ्रॉगचा. पावसाच्या पहिल्या रात्रींना त्याचे नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आणि अंधारातही ते लांबून ओळखू येतात. पकडणाऱ्यांना त्याच रात्री हव्या असत. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांनी 1985 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या व्यापारावर सविस्तर लिहिलं. बंदीच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा आहे. गोव्यात मात्र ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली हा बेडूक चोरून पकडणं बंदीनंतरही थांबलं नाही.

बंदी आली, पण शेतात किती बेडूक उरले हे कोणी सातत्यानं मोजलं नाही. अभ्यासाचं लक्ष सह्याद्रीकडे वळलं, आणि त्यातून काम भरघोस झालं हेही खरं. पुण्याचे आनंद पाध्ये आणि हेमंत घाटे यांनी 2002 मध्ये महाराष्ट्रातल्या उभयचरांचा आढावा प्रसिद्ध केला. पुणे वाढत गेलं तसतसं शहरातल्या आणि आसपासच्या बेडकांचं काय झालं, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह तपासलं. कोयनेचा भेक सोमण यांनी 1963 मध्येच नोंदवला होता. 2009 मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याला झँथोफ्राइन ही वेगळी प्रजाती दिली आणि आंबोलीचा पट्टेरी भेक तिच्यात आणला. आंबोलीचा हा भेक सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, जांभ्या दगडाच्या खळग्यात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. चार दिवस कडक ऊन पडलं की ते पाणीच आटतं. इतक्या छोट्या जागेवर तगलेला जीव एखाद्या रस्त्यानं किंवा बांधकामानंही संपू शकतो.

मग बुरशीचा धसका आला. कायट्रिड नावाची ही बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते आणि कातडीतून चालणारी पाण्याची व क्षारांची देवाणघेवाण बिघडवते. 1998 मध्ये ती उजेडात आली. नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांना 2013 मध्ये ती उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर आढळली, पण पनामा किंवा ऑस्ट्रेलियात झाली तशी सामूहिक मरतुक इथं दिसली नाही. या बुरशीचं मूळ पूर्व आशियात असल्याचं 2018 मध्ये दाखवलं गेलं. इथले बेडूक तिच्यासोबत जुन्या काळापासून जगत आले असावेत, हा तर्क त्यामुळं पटण्यासारखा वाटतो.

ही सगळी मोजदाद सह्याद्रीतली. काळ्या रानातली गावं तिच्याबाहेर राहिली. त्यातलंच एक, बीदर जिल्ह्यातलं संतपूर, सह्याद्रीपासून फार दूर, औराद तालुक्यातलं. पलीकडे मराठवाड्यातलं उदगीर, लातूर. पाऊस ओढ देई तेव्हा मराठवाड्यात पोरं लिंबाचा पाला आणि बेडूक घेऊन धोंडी, म्हणजे पावसाचं मागणं, मागत. पावसाची वर्दी ज्याच्याकडून घ्यायची, तो हाच शेतातला बेडूक. काळ्या मातीत राहणारा बिळकरी बेडूक तर वर्षाचा बराच काळ दिसतच नाही. त्याच्या मागच्या पायाच्या टाचेजवळ फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्यानं माती सारत तो मागं मागं सरकत जमिनीत उतरतो, तोंड सगळ्यात शेवटी नाहीसं होतं. या गटातल्या एकाला पुण्याच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये ‘पश्चिमा’ हे नवं नाव दिलं, पुढं त्या नावावरही फेरविचार झाला. नाव ठरायलाच इतका वेळ गेला, तिथं संख्या कुठून कळणार?

दरम्यान रान बदललं. ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, उसाला पाणी मिळालं, खुरपणीऐवजी तणनाशकाची फवारणी आली. अमेरिकेत टायरोन हेज यांनी 2002 मध्ये दाखवलं की अ‍ॅट्राझिन हे तणनाशक अगदी अल्प प्रमाणातही नर बेडकांच्या जननेंद्रियांत बिघाड करतं. उत्पादकांनी ते मान्य केलं नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. पण बेडकाची अंडी आणि पिल्लं वाढतात ती बांधाकडेच्या डबक्यातच, आणि पहिल्या पावसाचं फवारणी धुतलेलं पाणीही तिथंच येतं. एवढं पाहिल्यावर निर्धास्त राहता येत नाही.

2023 च्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या 8,011 जाती तपासल्या गेल्या आणि जवळपास 41 टक्के धोक्यात ठरल्या. बुलफ्रॉग त्या धोक्याच्या यादीत नाही. त्याचा पसारा मोठा आहे. पण देशभर पसरलेला जीव एखाद्या तालुक्यातून गेला तर यादीत त्याची खूण उमटत नाही. ती खूण गावातच ठेवावी लागते, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. संतपूरच्या एका शाळेनं एकच तळं आणि एकच बांध निवडावा, दरवर्षी मृगातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री तिथला आवाज मोबाइलवर टिपावा, आणि तारीख, पाऊस, शेजारचं पीक, झालेली फवारणी एका वहीत लिहून ठेवावी.