भीतीच्या मुळाशी

दुसऱ्याला दोषी ठरवण्यामागे पुष्कळदा स्वतःची भीती असते. कुष्ठरोगाच्या बाबतीत ती पापाच्या नावाखाली वावरली. रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे सांगून माणसांना गावकुसाबाहेर घालवले गेले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात वकिली करणाऱ्या मुरलीधर देविदास आमटे यांना ही भीती स्वतःतच सापडली. गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. सफाई कामगारांसोबत ते मैल्याच्या पाट्या वाहत. मात्र एकदा भर पावसात रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. बोटे झडलेली, जखमांत अळ्या. आमटे पळाले. त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. ते परतले, त्याला खाऊ घातले, डोक्यावर आडोसा उभारला. तुळशीराम वाचला नाही.

आपण का पळालो, याचा शोध त्यांनी घेतला, आणि खरे मोठेपण यातच आहे. निव्वळ कणव दोन दिवसांत ओसरली असती. त्यांनी कलकत्त्यात कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले, 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन उभे राहिले. तिथे रोग्यांनी विहीर खणली, शेती पिकवली, हातमाग चालवले. भिकेसाठी पसरलेले हात कमावते झाले.

कुष्ठरोगाचा जंतू डॉक्टर हॅन्सन यांना 1873 मध्येच सापडला होता. बहुऔषधी उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो आणि बहुतेकांमध्ये त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. तरीही जोडीदाराचा कुष्ठरोग हे भारतीय कायद्यात घटस्फोटाचे कारण होते. ते वगळले गेले 2019 मध्ये.