घरच्या संगणकाचा मेगाब्लॉक

रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला समजावून सांगावे लागत नाही. ठाणे-कल्याण मार्गावरचे रूळ आणि तारा तपासायच्या, म्हणून जलद गाड्या काही तास धीम्या मार्गावरून सोडतात. आपण चडफडतो, रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो; परंतु हेच काम सोमवारी सकाळी साडेआठला काढले असते तर काय अनर्थ झाला असता, हेही मनातल्या मनात जाणतो. तपासणी हवीच, प्रश्न असतो तो वेळेचा. एवढे साधे शहाणपण घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र मला फार उशिरा सुचले. कसे, ते सांगतो.

मी ठाण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. सकाळचे तास आटोपून अकराच्या सुमारास घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि संगणक सुरू करायचा, हा माझा परिपाठ. यंत्र आठ वर्षांचे. ते सुरू होई खरे. पण पुढे तासभर पडद्यावर नुसते चक्र फिरत राही. मी 'क' दाबावा आणि अक्षर उमटेपर्यंत चहा निवून जावा! आमची ही म्हणे, "अहो, तुमच्यावरच गेलंय ते. हाक मारली की अर्ध्या तासाने ओ देतं!"

एके दिवशी विद्यार्थ्यांचे गुण भरायची मुदत दुपारी संपत होती आणि चक्र काही थांबेना. चिरंजीवांनी कुठेसे पाहून निदान केले, "बाबा, अँटिव्हायरस तपासणी करतोय." झाले! मी रागाच्या भरात त्या पहारेकऱ्याला कायमचीच रजा देऊन टाकली. यंत्र सशासारखे धावू लागले. हा रामबाण उपाय मी शिक्षकांच्या खोलीत दोघातिघांना मोठ्या ऐटीत सांगितलासुद्धा.

माझ्या संगणकात एक ठेवा आहे. गेली अकरा वर्षे मी कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतून आगरी बोलीतले शब्द गोळा करतो आहे. भातशेतीचे, मासळीचे, मिठागरांचे, लग्नातल्या गाण्यांचे शब्द. ज्या म्हाताऱ्यांनी ते मला सांगितले, त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. त्या टिपणांतली काही पाने छापून आणायला मी पेन ड्राइव्ह घेऊन स्टेशनाजवळच्या एका दुकानात गेलो. घरी येऊन तो यंत्राला लावला आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय? प्रत्येक फोल्डरच्या जागी नुसते बाणाचे चिन्ह! उघडावे तर आत काहीच नाही. माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

माझा एक जुना विद्यार्थी ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. तो रविवारी धावत आला. दोन तास खटपट करून म्हणाला, "सर, शब्द गेले नाहीत. या जातीचा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे पुढे मांडतो. आपण खोट्यावर टिचकी मारली, की त्याचं फावतं." एकेक फोल्डर परत दिसू लागला, तेव्हा माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

मग त्याने विचारले, "सर, पहारेकरी कुठे आहे?" मी गुन्हा कबूल केला. तेव्हा गुरू शिष्य झाला आणि शिष्य गुरू.

तो म्हणाला, पहारेकऱ्याची कामे दोन. एक, फाटकावर उभे राहून उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासणे. हे कधीही बंद करू नये. दुसरे, ठरल्या वेळी सगळ्या घरातून फेरी मारणे. यंत्र मंदावते ते मुख्यतः या फेरीने. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० वा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि वाचणारे टोक इकडून तिकडे सरकत असते. तुमची फाइल एका कोपऱ्यात, त्याची दुसऱ्या. दोन साहेबांचा एकच शिपाई. धावून धावून तो कोणाचेच काम वेळेवर करीत नाही. नव्या एसएसडीत सरकणारे काही नसल्याने हा त्रास पुष्कळ कमी.

"पण फेरी नेमकी अकरालाच का?" मी विचारले.

"रात्री यंत्राचं काय करता?"

"भिंतीवरचा खटकासुद्धा बंद करतो," मी अभिमानाने म्हणालो. वडिलांची शिस्त!

तो हसला. माझ्या यंत्रात फेरीची वेळ रात्री दोनची लावलेली होती. रात्री खटका बंद. म्हणून चुकलेली फेरी यंत्र सुरू होताच भरून काढावी, अशी त्याला आज्ञा होती. म्हणजे दोष माझ्या काटकसरीचा आणि शिव्या पहारेकऱ्याला!

त्याने सांगितलेले उपाय वाचकांसाठी देतो. फेरीची वेळ अशी ठेवावी, की यंत्र चालू असेल पण आपण त्यावर नसू. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसमध्ये ही सोय बहुधा सेटिंग्जमध्ये 'शेड्यूल' या नावाखाली असते. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरसाठी 'टास्क शेड्यूलर' उघडावा लागतो. यंत्र रिकामे असतानाच फेरी सुरू व्हावी, अशी अटही घालता येते. संपूर्ण तपासणी आठवड्यातून एकदा पुरे; एरवी झटपट तपासणी. डिफेंडरच्या ठरावीक फेरीला प्रोसेसरची सरासरी ५० टक्के शक्ती मुळातच नेमून दिलेली असते. जाणकाराकडून ती २० वर आणता येते. फेरी लांबते, पण जाणवत नाही. एका घरात दोन पहारेकरी ठेवू नयेत. ते एकमेकांनाच अडवतात. आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकदम दाबून 'टास्क मॅनेजर'मध्ये खरा गुन्हेगार कोण, ते आधी पाहावे. मी तेच केले नव्हते.

जाता जाता त्याने एक गंमत सांगितली. पीसीवरचा पहिला व्हायरस 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला. आणि पुण्यात कैलास व संजय काटकर या दोघा भावांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून १९९०च्या दशकात 'क्विक हील' हा त्यावरचा उतारा तयार केला. रोगही भावांचा, औषधही भावांचे!

आता आमची फेरी गुरुवारी दुपारी एकला असते. शब्दांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात, हिच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे. जेवण झाले, की ही मला म्हणते, "अहो, यंत्राचा मेगाब्लॉक लागलाय. तुम्हीही जरा आडवे व्हा." आणि मी, चडफड न करता, आडवा होतो.