कोल्हेकुईची विद्या

सावजाच्या मागे रानोमाळ धावण्यापेक्षा सावजालाच आपल्या दारी बोलावून घ्यावे, ही मृगयाशास्त्रातील अतिप्राचीन आणि माझ्या मते सर्वांत बुद्धिप्रधान युक्ती होय. हाक्याच्या शिकारीला ढोलताशे, शेकडो हाकारे, हत्ती आणि संस्थानिकांचा सारा लवाजमा लागे. उलट साद घालून करावयाच्या शिकारीला एक माणूस, एक झुडूप, अनुकूल वारा आणि त्या माणसाचा कंठ एवढ्याच गोष्टी पुरतात. अशा विद्येचा एक जिवंत प्रवाह बंगळूरच्या वेशीवर, बन्नेरघट्ट्याच्या रानाच्या कडेला, वाहत आला आहे, आणि ज्या लोकांनी तो सांभाळला त्यांचा संबंध आपल्या फासेपारध्यांशी आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

या विद्येचे अधिष्ठान सर्वत्र एकच आहे. उत्तर अमेरिकेत आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद म्हणावा असा कायोटी नावाचा प्राणी आहे, आणि त्याचे शिकारी आजही प्रायः बोलावण्याच्या रीतीनेच त्याला टिपतात. शिकारी तोंडावर वारा घेऊन, पाठीशी झुडूप ठेवून, निश्चल बसतो. फुंकरीने कंप पावणाऱ्या पातीची लहानशी शिटी तोंडात धरून तो संकटात सापडलेल्या सशाची किंकाळी काढतो. पहिली किंकाळी हलकी असते, कारण सावज अगदी जवळच्या ओहोळात पडून असले तर मोठ्या आवाजाने ते बिचकेल. मग काही काळ शांतता, मग जरा मोठा स्वर, पुन्हा शांतता, असा क्रम पाव तास ते वीस मिनिटे चालतो. मरणारा ससा अखंड ओरडत नाही, आणि ही गोष्ट ज्याच्या लक्षात राहत नाही त्याच्याकडे कायोटी येत नाही. जो येतो तोही सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि कानांनी जे ऐकले त्याची खातरजमा नाकाने करू पाहतो. म्हणून अनुभवी शिकारी बसण्याची जागाच अशी निवडतो की त्या वळशाची वाट उघड्या मैदानातून जावी. कंठ कितीही तयार असला तरी वाऱ्याचा हिशेब चुकला की सारे श्रम व्यर्थ जातात.

परंतु प्राण्याला खेचून आणणारी केवळ भूकच नव्हे. हिवाळ्याच्या अखेरीस, कायोटींच्या समागमाच्या दिवसांत, परक्याची आरोळी ऐकली की आपल्या मुलखाचा धनी असलेला नर त्वेषाने धावून येतो. पुढे पिल्लांच्या दिवसांत पिल्लाचे केविलवाणे कण्हणे ऐकताच आईबाप सारी सावधगिरी विसरतात. कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी त्या जिवाच्या अंतःकरणात कोणती वासना प्रबळ असते, हे ओळखून त्या वासनेलाच साद घालावयाची, आणि घशाची तालीम त्यानंतर. प्राण्याचे मन ज्याला वाचता येत नाही त्याची उत्तम नक्कल मला कसबी करमणुकीपलीकडची वाटत नाही.

हे मनाचे वाचन ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले ते बंगळूरकडील लोक म्हणजे हक्कीपिक्की, अर्थात पाखरे धरणारे. कर्नाटकात त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. त्यांच्या घरात बोलली जाणारी वागरी ही गुजरातीच्या कुळातील बोली आहे. आणि आपली परंपरा ते राणा प्रतापापर्यंत नेऊन भिडवतात. तमिळ मुलखातील नरिकुरवर आणि महाराष्ट्रातील फासेपारधी हे भाषेने व धंद्याने त्यांचेच सगोत्र. एडगर थर्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानातील जातिजमातींविषयी 1909 साली जो सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या तमिळ शाखेची नोंद मराठी बोलणारे पाखरेधरे व कोल्ह्यांचे शिकारी अशी केलेली असून त्यांना काट्टु मराठी, म्हणजे रानमराठे, असे म्हणतात हेही सांगितले आहे. भाषेविषयीचा त्याचा निष्कर्ष पुढील भाषाशास्त्रज्ञांनी मानला नाही. तथापि उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकताना हे लोक मराठी मुलखात दीर्घकाळ वावरले असावेत, एवढे अनुमान त्यावरून करणे मला गैर वाटत नाही.

त्यांच्या कसबाचा सर्वांत नाजूक नमुना तितराच्या शिकारीत दिसतो. पाळलेला नर तितर पिंजऱ्यात घालून पारधी पहाटेच माळावर जातो आणि पिंजरा एखाद्या काटेरी झुडपाच्या आडोशाला ठेवतो. पिंजऱ्याभोवती फाशांची माळ मांडलेली असते: बांबूच्या बोटभर कामट्या, प्रत्येकीला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा वळलेला फास, आणि तो फास जमिनीपासून इतकाच वर उचललेला की चालत्या तितराचे पाऊल किंवा मान त्यात अलगद शिरावी. मग पारधी मागे सरून दडतो. पाळलेल्या तितराला कंठ फुटला की त्या माळाचा मूळ रहिवासी नर अस्वस्थ होतो. आपल्या हद्दीत कोणी परका उभा राहून आव्हान देत आहे हे त्याला साहवत नाही. तो एका झुडपातून दुसऱ्या झुडपात धावत, मधूनच थांबून प्रत्युत्तर देत, मान ताठ करून पिंजऱ्यावर चालून येतो, आणि त्याचे सारे लक्ष प्रतिस्पर्ध्यावर खिळलेले असताना पायाखालचा तो केसाचा फास त्याला दिसत नाही. पाळलेला पक्षी गप्प राहिला तर त्याला चेतवण्यासाठी पारधी स्वतःच तितराची हाक देतो.

कोल्ह्याच्या बाबतीत मात्र पिंजऱ्यातला साथीदार नसे. तेथे माणसाच्या गळ्यावरच सारी मदार. कोल्ह्याची कुई नीट ऐकली तर तिची घडण ध्यानात येते: प्रथम एकच दीर्घ, चढत जाणारा सूर, तोच पुन्हा, थोड्या वरच्या पट्टीत, असे तीनचार वेळा, आणि अखेरीस त्या सुराचे तुकडे पडून तीन तीन त्रोटक, घाईचे चीत्कार. जोडीने राहणारा व आपली हद्द राखणारा हा प्राणी तिन्हीसांजेला कुई ऐकून सहसा गप्प बसत नाही. वागरी बोलणारे शिकारी हीच कुई रात्रीच्या वेळी इतकी हुबेहूब करीत की शिवारातले कोल्हे उत्तर देत देत जवळ येत आणि जाळ्यात सापडत. मांस खाण्यात जाई, कातड्याच्या पिशव्या होत, आणि कोल्ह्याचे शिंग म्हणून केसांच्या झुपक्यासह एक वस्तू ताईतासारखी विकली जाई. कोल्ह्याला शिंग नसते. भोळ्या गिऱ्हाइकाची ती फसवणूकच होती, आणि ज्या लोकांचे रानाविषयीचे ज्ञान इतके सच्चे, त्यांना पोटासाठी हे खोटे विकावे लागावे याचे मला दुःख होते.

याच बंगळुरात केनेथ अँडरसन (1910–1974) हा शिकारी व लेखक राहत असे. तो विमानांच्या कारखान्यात, हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, अधिकाराच्या जागेवर होता आणि सवड मिळताच कावेरीच्या रानात जाई. रानाचे पुष्कळसे शिक्षण त्याला बैरा नावाच्या पुजारी जमातीच्या माणसाकडून मिळाले, आणि हे ऋण त्याने आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात होसूरकडील जवळगिरीच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत आहे. जोडीदाराच्या शोधात ती वाघीण हाका मारीत फिरत होती. हे ओळखून अँडरसनने छाती भरून नर वाघाची साद घातली. वाघीण उत्तर देत जवळ जवळ येत गेली आणि अखेर त्याच्या गोळीच्या टप्प्यात आली. नोव्हेंबर 1938 मध्ये कुमाऊँत जिम कॉर्बेटने ठाकची नरभक्षक वाघीणही अशाच रीतीने बोलावून मारली होती. दोन्ही ठिकाणी सावज प्रेमाच्या ओढीने येत होते. या विद्येतील हा क्रूर भाग झाकून तिची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या धंद्याचा दरवाजा बंद केला. धरणे, फास लावणे, आमिष दाखवणे आणि या साऱ्याचा नुसता प्रयत्नही कायद्याच्या दृष्टीने शिकारच. आणि कोल्ह्यालाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. कायदा योग्य होता यात मला शंका नाही. परंतु ज्यांचे पोट त्या फाशांवर चाले त्यांचा बंदोबस्त काय, या प्रश्नाचे उत्तर सरकारी दफ्तरात फार उशिरा आणि अपुरे लिहिले गेले. त्यांच्या महाराष्ट्रातील भाऊबंदांवर तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 पर्यंत पुसला गेला नव्हता. धंदा बंद झाल्यावर हक्कीपिक्की लोक जडीबुटी आणि केसांची तेले विकू लागले, ती घेऊन थेट आफ्रिकेपर्यंत गेले. 2023 मध्ये सुदानात युद्ध पेटले तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांत त्यांची पुष्कळ माणसे होती, ही वार्ता वाचून या लोकांचे नाव देशाला प्रथमच कळले.

शिकार गेली म्हणून साद निरुपयोगी झाली, असे मात्र नव्हे. युरोपात कोल्ह्यांची गणना करण्यासाठी संशोधक मुद्रित केलेली कुई रात्री माळावर वाजवतात आणि कोणत्या दिशेने किती कुटुंबे उत्तर देतात ते टिपून घेतात. महाराष्ट्राच्या माळरानांवरील लांडग्यांच्या आरोळ्या मुद्रित करून आवाजावरून एकेक लांडगा ओळखण्याचे काम देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी केले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामी बिहारचे मीरशिकार नोकरीस ठेवले आणि त्यांच्या हस्तकौशल्यावर वर्षानुवर्षे विसंबून राहिली. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना रानातून हिंडवतात आणि पाखरांचे आवाज काढून दाखवतात. मग बंगळुरात, जेथे वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांची मुळीच वाण नाही, हे का होऊ नये?

बन्नेरघट्ट्याकडील वस्तीत ज्यांनी तारुण्यात हे फास मांडले आणि ही साद घातली ते आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना तेलाच्या बाटल्यांचा व्यापार येतो, तितराची हाक येत नाही. बंगळूरच्या संस्थांनी या वृद्धांचे आवाज त्यांच्या संमतीने, योग्य मेहनताना देऊन आणि त्यांचे नाव लावून मुद्रित करून ठेवावेत. कोल्ह्यांची व तितरांची गणना करावयाची असेल तेव्हा त्यांच्या मुलांना मजूर म्हणून न घेता जाणकार म्हणून घ्यावे. आणि हे काम येत्या दोनचार वर्षांतच हाती घ्यावे, अशी माझी त्या संस्थांच्या चालकांना कळकळीची विनंती आहे.